काजळीमागचा चेहरा : बर्ट विल्यम्स

नट रंगपटात शिरतो आणि तोंडाला रंग लावून बाहेर येतो, तो दुसरा कोणीतरी होऊन. भिकाऱ्याचा राजा होतो, पुरुषाची स्त्री होते, तरुणाचा म्हातारा होतो. परंतु ज्या नटाविषयी आज मी आपणांशी बोलणार आहे, त्याच्या नशिबी आलेली रंगभूषा याहून चमत्कारिक होती. तो जन्मानेच कृष्णवर्णीय होता. असे असूनही रोज रात्री बूच जाळून केलेली काजळी तो आपल्या तोंडाला फाशी, डोक्यावर लोकरीसारख्या केसांचा टोप चढवी, हातांत पांढरे मोजे घाली, आणि मगच प्रेक्षकांसमोर येई. कारण काळा मनुष्य रंगभूमीवर कसा दिसावा, हे त्यापूर्वी पन्नास-साठ वर्षे गोऱ्या नटांनी ठरवून टाकले होते, आणि बर्ट विल्यम्सचा उजळ सावळा वर्ण व रेखीव नाकडोळे त्या नमुन्यात बसत नव्हते! काळ्या माणसाचे सोंग घेतल्यावाचून काळ्या माणसास रंगभूमीवर थारा मिळू नये, असा तो काळ होता.

हा काळ कसा आला, हे थोडक्यात सांगावयास हवे. अमेरिकेत गुलामगिरी चालू असतानाच, १८३० च्या सुमारास, गोऱ्या नटांनी तोंडे काळी करून गुलामांच्या बोलण्याची, गाण्याची आणि नाचण्याची नक्कल करावयास प्रारंभ केला. १८४३ मध्ये न्यूयॉर्क येथे 'व्हर्जिनिया मिन्स्ट्रल्स' नावाची चार असामींची मंडळी उभी राहिली, आणि तेव्हापासून 'मिन्स्ट्रल' हा अमेरिकेचा अत्यंत लोकप्रिय खेळ होऊन बसला. त्यातली पात्रे ठरलेली असत. एक आळशी, भित्रा, कोंबड्या चोरणारा खुळा, आणि दुसरा उसन्या कपड्यांत मिरवणारा छैलछबेला. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. त्यानंतर गाणारे-बजावणारे कृष्णवर्णीय लोक स्वतः या धंद्यात शिरले, कारण नाट्यगृहाचा तेवढाच एक दरवाजा त्यांच्यासाठी किलकिला होता. पण आत पाऊल टाकताच त्यांच्या हाती तीच काजळी देण्यात आली. आपली नक्कल करणाऱ्यांची नक्कल करणे, हे त्यांचे काम ठरले.

बर्टचे संपूर्ण नाव एग्बर्ट ऑस्टिन विल्यम्स. १२ नोव्हेंबर १८७४ रोजी बहामा बेटांतील नासाऊ या गावी त्याचा जन्म झाला. तो लहान असतानाच त्याचे आईबाप अमेरिकेत आले आणि पुढे कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे स्थायिक झाले. अमेरिकेच्या दक्षिणेतील कापसाची शेते व तेथील गुलामांची बोली यांच्याशी या मुलाचा काडीइतकाही संबंध नव्हता. ज्या बोलीवर त्याने पुढे लाखो लोकांना हसविले ती आपणास इटालियन भाषेइतकीच परकी होती, आणि आपण ती मुद्दाम अभ्यास करून शिकलो, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. एखाद्या घराण्याची गायकी परक्याने येऊन आत्मसात करावी, तशी त्याने ती केली. आणि प्रेक्षक मात्र समजत होते की हा जन्मतःच असा बोलतो!

१८९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे एका लहानशा मिन्स्ट्रल मंडळीत त्याची व जॉर्ज वॉकरची गाठ पडली. वॉकर कॅन्ससमधून आलेला, ठेंगणा, तरतरीत, बोलघेवडा. विल्यम्स सहा फुटांहून उंच, संथ व मितभाषी. पुढे सोळा वर्षे ही जोडी फुटली नाही. १८९४ मध्ये त्या शहरी मोठे प्रदर्शन भरले होते. त्यात पश्चिम आफ्रिकेतील दाहोमीच्या लोकांचे एक खेडे उभारावयाचे होते. परंतु आफ्रिकेहून यावयाची माणसे वेळेवर पोहोचली नाहीत. व्यवस्थापकांनी काय करावे? त्यांनी गावातल्याच कृष्णवर्णीय तरुणांना पोटावारी धरले, त्यांना जनावरांची कातडी गुंडाळली, आणि 'हेच दाहोमीचे रानटी लोक' म्हणून बसवून दिले. त्यांत विल्यम्स व वॉकर हे दोघेही होते. पुढे खरे दाहोमीवासी आले तेव्हा या दोघांनी त्यांचे नृत्य-गायन तासन्‌तास न्याहाळले, आणि पुढेमागे आपल्या खेळांत आफ्रिकेला स्थान द्यावयाचे, असे मनाशी ठरविले. हे वॉकरने पुढे एका नाट्यविषयक मासिकात लिहिले आहे. ही हकीकत वाचताना हसू येते, आणि मग ते हसू ओठांवरच थिजते. जन्माने बहामाचा, शिक्षणाने कॅलिफोर्नियाचा हा तरुण उपजीविकेसाठी प्रथम नकली आफ्रिकी झाला व नंतर जन्मभर नकली दक्षिणी झाला.

आरंभी या जोडीत विनोदी पात्र वॉकर असे आणि विल्यम्स त्याला सरळ साथ देई. एकदा डेट्रॉइट शहरी निव्वळ गंमत म्हणून विल्यम्सने तोंडाला काजळी लावली व एक विनोदी गाणे म्हटले. प्रेक्षक असे काही बेभान झाले की, सर्वांत अधिक आश्चर्य त्याचे त्यालाच वाटले. त्या रात्रीपासून भूमिका उलट झाल्या. वॉकर झाला काजळीविना मिरवणारा छैला आणि विल्यम्स झाला काजळीआडचा दुर्दैवी खुळा. या प्रसंगाविषयी त्याने १९१८ साली एका मासिकात जे लिहिले आहे, ते मला त्याच्या साऱ्या चरित्रात महत्त्वाचे वाटते. तो म्हणतो की, मी स्वतःला दुसरा कोणीतरी म्हणून पाहू शकलो, तेव्हाच माझी विनोदबुद्धी जागी झाली. तोपर्यंत तो लाजाळू होता, स्वतःच्या उंचीने अवघडलेला होता. काजळीच्या पडद्याआड गेल्यावर त्याला आपलीच फजिती तिऱ्हाइताच्या डोळ्यांनी पाहता येऊ लागली. त्याच लेखात तो असेही सांगतो की, जगातले यच्चयावत विनोद कोणाच्या तरी विपत्तीवर उभारलेले असतात, आणि स्वतःच्या डोक्यात बसलेल्या टोल्याला प्रेक्षकाप्रमाणे हसू शकतो तोच खरा विनोदी मनुष्य. म्हणजे जी काजळी त्याच्या वंशाचा अपमान करण्यासाठी निर्माण झाली, तीच या कलावंताच्या हाती साधन झाली. पण म्हणून अपमान नाहीसा झाला, असे मात्र कोणी समजू नये.

१८९६ मध्ये ही जोडी न्यूयॉर्कला आली. त्या काळी निरनिराळ्या करमणुकींचा जो जलसा तेथे होई, त्याला 'व्होडव्हिल' म्हणत. त्यात या दोघांनी 'केकवॉक' नावाचा नाच असा लोकप्रिय केला की, श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतही तो शिरला. १८९८ च्या जानेवारीत तर या दोघांनी खुद्द विल्यम व्हँडरबिल्ट या कोट्यधीशाच्या घरी चिठ्ठी नेऊन दिली, की आपण हा नाच उत्तम करता असे ऐकतो, तर या, पन्नास डॉलर्सच्या पैजेवर सामना होऊन जाऊ द्या! व्हँडरबिल्टसाहेब काही आले नाहीत. जाहिरात मात्र फुकटात झाली. जाहिरातीच्या बाबतीत वॉकरचे डोके फार चालत असे. गोरे नट काळ्यांची नक्कल करतात तर आपण अस्सल माल का विकू नये, या विचाराने त्यांनी आपल्या वंशाला दिली जाणारी शिवीच फलकावर घातली आणि तिच्यामागे 'खरे' हे विशेषण जोडले. 'खरे' म्हणवून घेणाऱ्या या दोघांपैकी एकाच्या तोंडाला काजळी होती, ही विसंगती त्या काळी कोणाला खटकली नाही.

लोकप्रियता ही कवच नव्हे, हे त्यांना लवकरच कळून आले. १९०० च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला वर्णद्वेषाचा मोठा दंगा झाला. दंगेखोर गोऱ्या जमावाने ज्यांची नावे घेऊन शोध चालविला, ती नावे कृष्णवर्णीय नटांची होती. कारण जमावाला काळ्यांपैकी तेवढीच नावे ठाऊक होती! वॉकर त्यांच्या हाती सापडला. त्याला ट्रामगाडीतून ओढून काढून बेदम मार देण्यात आला.

तरीही सुमारे अडीच वर्षांनी, १८ फेब्रुवारी १९०३ रोजी, या मंडळींनी ब्रॉडवेवरील 'न्यूयॉर्क थिएटर'मध्ये 'इन दाहोमी' हे संगीत विनोदी नाटक रंगभूमीवर आणले. संगीत विल मेरियन कुकचे, संवाद जेसी शिपचे, बरीचशी पद्ये पॉल लॉरेन्स डनबार या प्रख्यात कवीची. लिहिणारे, चाली बांधणारे, गाणारे, नाचणारे सगळे कृष्णवर्णीय, असे पूर्ण लांबीचे नाटक ब्रॉडवेच्या प्रमुख नाट्यगृहात त्यापूर्वी झाले नव्हते. कथानक अगदीच पातळ आहे, हे मी प्रांजळपणे सांगतो. अमेरिकेतील काळ्या लोकांना आफ्रिकेत नेऊन वसविण्याची एक लबाड योजना, हरवलेली एक पेटी, आणि तिच्या शोधास निघालेले दोन बनावट गुप्तहेर. विल्यम्सने केलेल्या भूमिकेचे नाव होते शायलॉक होमस्टेड. परंतु प्रदर्शनातल्या त्या नकली खेड्याची आठवण ठेवून हे नाटक पाहिले म्हणजे त्यातला टोला ध्यानात येतो. दहा वर्षांपूर्वी ज्यांना रानटी म्हणून मांडून ठेवले, तेच आता त्या सोंगावर स्वतः नाटक करीत होते. काळे नट ब्रॉडवेवर आल्याने वर्णयुद्ध पेटेल की काय, अशी भीती वृत्तपत्रांत व्यक्त झाली होती. तसे काही झाले नाही. कृष्णवर्णीय प्रेक्षकांना मात्र आपल्याच लोकांचे हे नाटक वरच्या गॅलरीत बसूनच पाहावे लागले.

त्रेपन्न प्रयोगांनंतर मंडळी समुद्र ओलांडून इंग्लंडला गेली. १६ मे रोजी लंडनच्या शाफ्ट्सबरी थिएटरात प्रयोग सुरू झाले, आणि २३ जून १९०३ रोजी बकिंगहॅम राजवाड्यात राजपुत्र एडवर्डच्या नवव्या वाढदिवसानिमित्त खास प्रयोग झाला. ज्या नटाला स्वदेशी पुष्कळ उपाहारगृहांत टेबलाशी बसू देत नसत, तो राजेसाहेबांच्या हिरवळीवर नातवंडांना हसवून आला. स्कॉटलंडमध्ये एडिंबरो येथे १९०४ मध्ये फ्रीमेसन मंडळाने त्याला आपला सभासद करून घेतले. याचा संबंध पुढे येईल.

परत आल्यावर 'ॲबिसिनिया' (१९०६) व 'बँडाना लँड' (१९०८) ही दोन नाटके झाली. याच सुमारास त्याचे 'नोबडी' हे गाणे गाजले. शब्द ॲलेक्स रॉजर्सचे, चाल विल्यम्सची स्वतःची. गरजेच्या वेळी आपल्या मदतीला कोण आले, याचा एक अभागी मनुष्य शोध घेतो, आणि उत्तर प्रत्येक वेळी एकच, कोणी नाही! हे गाणे म्हणण्यापूर्वी तो खिशातून एक मळकी वही काढी, जणू शब्द विसरले आहेत असे दाखवून संथपणे एकेक पान उलटी, आणि प्रेक्षक तेथेच हसावयास लागत. १९०६ ची त्याची ध्वनिमुद्रिका आजही ऐकावयास मिळते. ते गाणे नव्हेच, अर्धे बोलणे आहे. शब्द तालाच्या मागे रेंगाळतात, स्वर एखाद्या दमलेल्या माणसासारखा पायरीवर बसतो, पुन्हा उठतो. रेडिओसमोर बसणाऱ्या माणसांना हे निराळे सांगावयास नकोच, की चेहरा दिसत नसता केवळ आवाजाने मनुष्य उभा करणे किती अवघड असते. तेथे काजळीही नाही, टोपही नाही. आणि तरी तो मनुष्य उभा राहतो. प्रेक्षकांनी मात्र या गाण्याचा त्याच्यापाठी असा काही लकडा लावला की, शब्द लिहिणारा व चाल बांधणारा हे दोघेही वेळीच बुडून मेले असते तर बरे झाले असते, असे उद्गार त्याने वैतागून काढले. चाल बांधणारा तो स्वतःच होता!

'बँडाना लँड'मधला त्याचा मूकाभिनय हा त्याच्या कलेचा कळस, असे पाहणारे सांगत. रंगभूमीवर अंधार, प्रकाशाचा एक झोत त्याच्या डोक्याखांद्यांवर. तो एकटाच पत्ते पिसतो. पत्ते नाहीत. चार गडी पोकर खेळावयास बसले आहेत, गडीही नाहीत. तो वाटतो, स्वतःची पाने हळूच उचलतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर आशेची लकेर उमटते. मग समोरच्या गड्याने किती पाने बदलून मागितली, हे त्याच्या डोळ्यांवरून कळते. एकाने दोन घेतली; फिकीर नाही. दुसऱ्याने एकही घेतले नाही; येथे त्याच्या भुवया हलतात. पैज वाढते. तो धीर करून पैसे लावतो, पाने उघडतात, आणि तो हरतो. एक शब्द नाही, एक वस्तू नाही. या प्रवेशात कोणत्याही वर्णाचा, कोणत्याही देशाचा मनुष्य दिसतो. जगात जेथे जेथे माणूस आशेने हातातल्या पानांकडे पाहतो तेथला तो आहे.

पण १९०९ मध्ये वॉकर गंभीर आजारी पडला. बोलताना त्याची जीभ अडखळू लागली, शब्द विसरू लागले. त्याने रंगभूमी सोडली ती कायमची. काही काळ त्याची पत्नी एडा ओव्हर्टन वॉकर, जी स्वतः उत्कृष्ट नर्तकी होती, पतीचाच पुरुषी वेष चढवून त्याचे गाणे म्हणत असे. ६ जानेवारी १९११ रोजी वॉकर वारला. व्यवहार, करार, भांडणे हे सारे वॉकरने सांभाळले होते. एकट्याने मंडळी चालविणे विल्यम्सच्या स्वभावात नव्हते. 'मिस्टर लोड ऑफ कोल' हे त्याचे एकट्याचे नाटक आर्थिक दृष्ट्या पडले.

अशा स्थितीत १९१० मध्ये फ्लोरेन्झ झीगफेल्डने त्याला आपल्या 'फॉलीज'मध्ये बोलाविले. 'फॉलीज' म्हणजे दरवर्षी नव्याने बसविला जाणारा, सुंदर तरुणींनी व भपकेदार देखाव्यांनी गजबजलेला ब्रॉडवेचा सर्वांत श्रीमंती खेळ. गोऱ्या नटसंचात कृष्णवर्णीय नट येणार, हे कळताच इतर नटांनी काम सोडून जाण्याची धमकी दिली. झीगफेल्डने सांगितले, म्हणतात, की तुम्हां प्रत्येकाच्या जागी मला दुसरा मिळेल, पण ज्याला काढा म्हणता त्याच्या जागी मिळणार नाही. धमकी विरून गेली. तथापि रंगभूमीवर गोऱ्या स्त्रीबरोबर आपण एकटे कधी असू नये, ही अट विल्यम्सने स्वतः होऊन घातली होती. आपला जीव कोठे धोक्यात येतो, हे तो ओळखून होता.

१९११ च्या 'फॉलीज'मधला लिऑन एरॉल या गोऱ्या नटाबरोबरचा त्याचा प्रवेश फार गाजला. न्यूयॉर्कचे ग्रँड सेंट्रल स्टेशन त्या वेळी पाडून नव्याने बांधण्याचे काम चालू होते. एरॉल झाला इंग्रज प्रवासी आणि विल्यम्स सामान वाहणारा हमाल. उंचावरच्या लोखंडी तुळयांवरून दोघे एकमेकांस दोरीने बांधून घेऊन चालले आहेत. प्रवासी पुनःपुन्हा खाली कोसळतो आणि हमाल त्याला दोरीने वर ओढतो. शेवटी हमालाला कळते की, या सगळ्या उपद्व्यापाची बक्षिशी पाच सेंट मिळणार आहे. मग पुढच्या वेळी प्रवासी कोसळतो तेव्हा हमालाच्या हातातली दोरी शांतपणे सुटत राहते. काळ्या हमालाने गोऱ्या साहेबाला खाली जाऊ दिले, आणि सारे गोरे प्रेक्षागृह टाळ्या वाजवीत होते! काजळीआडून काय काय बोलता येत असे, याचा हा नमुना.

नाट्यगृहाबाहेर मात्र दोरी दुसऱ्याच्या हाती होती. विल्यम्सचे व 'फॉलीज'मधील एडी कँटर या तरुण नटाचे फार सख्य होते. एकदा दौऱ्यावर असताना दोघे हॉटेलात परतले. कँटर पुढच्या दाराने आत गेला. विल्यम्सला मागल्या बाजूच्या, सामान नेण्याच्या लिफ्टकडे वळावे लागले. तो कँटरला इतकेच म्हणाला, की टाळ्यांचा आवाज अजून कानांत घुमत नसता, तर याचे इतके वाईट वाटले नसते. १९१९ च्या ऑगस्टमध्ये ब्रॉडवेवरील नटांनी प्रसिद्ध संप पुकारला. विल्यम्सला कोणी कळविलेच नाही. तो नेहमीप्रमाणे आला, रंगपटात बसून काजळी लावली, पोशाख केला आणि बाहेर येऊन पाहतो तो प्रेक्षागृह रिकामे. संघटनेच्या बाजूने त्याला कोणी आपला मानला नव्हता, आणि मालकांचा तर तो नव्हताच. ही हकीकत त्याने डब्ल्यू. सी. फील्ड्स या विनोदी नटाला सांगितली. मी पाहिलेला सर्वांत गमतीदार आणि सर्वांत दुःखी मनुष्य, असे विल्यम्सचे वर्णन ज्याने केले तोच हा फील्ड्स.

आता एक आक्षेप. त्याच्या वंशातल्याच काही लोकांना हे पसंत नव्हते. स्वतःची मंडळी मोडून गोऱ्यांच्या खेळात एकटा काळा म्हणून राहणे, वर पुन्हा तोंडाला ती काजळी लावणे, यात कोणता पुरुषार्थ, असे ते विचारीत. दुसऱ्या बाजूस बुकर टी. वॉशिंग्टनसारखा पुढारी म्हणे की, आमच्या लोकांसाठी माझ्यापेक्षा या नटाने अधिक केले. मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. वॉशिंग्टन म्हणतो तसे हसू माणसाच्या अंतःकरणात शिरते, हे खरे. पण शिरून ते तेथे काय करते? डेट्रॉइटपासून ब्रॉडवेपर्यंत त्याला हसणाऱ्या हजारो लोकांनी दुसऱ्या दिवशी आपल्या गावच्या काळ्या शेजाऱ्याला पुढच्या दाराने आत घेतले, असे कोठे दिसत नाही. आणि टीकाकारांनी सुचविलेला मानाचा मार्ग १९१० मध्ये होता तरी कोठे? एका मोठ्या कलावंताने आपल्यापुढे उघडे असलेले एकुलते एक दार निवडले, आणि त्या दाराची उंची त्याच्या उंचीपेक्षा कमी होती. म्हणून तो जन्मभर वाकून चालला.

चित्रपटांत तरी त्याला मोकळीक मिळाली काय? १९१६ मध्ये बायोग्राफ कंपनीने त्याचे दोन लहान मूकपट काढले. 'फिश'मध्ये चाळिशी उलटलेल्या, सहा फुटांवर उंचीच्या या नटाला मासा विकत हिंडणारा पोर केले आहे, पाहवत नाही. 'अ नॅचरल बॉर्न गँबलर'मध्ये जुगाऱ्याच्या सोंगाचा सगळा मिन्स्ट्रल मसाला आहे, परंतु शेवटी तुरुंगात बसून तो तो पोकरचा मूकाभिनय करतो, आणि त्या काही मिनिटांसाठी तो चित्रपट जपून ठेवण्याजोगा झाला आहे.

पुढे प्रकृती खालावली. 'अंडर द बांबू ट्री' या नव्या संगीत नाटकाच्या दौऱ्यात, फुप्फुसे बिघडली असतानाही, तो काम करीत राहिला. कारण साऱ्या मंडळीची रोजी त्याच्या एकट्याच्या नावावर अवलंबून होती. २७ फेब्रुवारी १९२२ रोजी डेट्रॉइट येथे प्रयोग चालू असताना तो कोसळला. प्रेक्षकांना तो विनोदाचाच भाग वाटला आणि ते हसले. ४ मार्च रोजी न्यूयॉर्क येथील आपल्या राहत्या घरी तो वारला. वय सत्तेचाळीस. एडिंबरोच्या फ्रीमेसनांनी सभासद करून घेतलेला हा मनुष्य, म्हणून न्यूयॉर्कच्या गोऱ्या फ्रीमेसनांनी त्याचा अंत्यविधी आपल्या पद्धतीने व मानाने केला. हा मान त्यांच्याकडून मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन.

येथे चरित्र संपले असते. परंतु १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या आयरिस बॅरी या बाईंनी बायोग्राफ कंपनीच्या जुन्या चित्रफितींचे सुमारे नऊशे मूळ ठसे नष्ट होण्यापासून वाचविले. त्यांत १९१३ साली चित्रित केलेली, न जुळविलेली सात रिळे निघाली. नाव नाही, कथा लिहिलेली नाही, मधल्या पाट्या नाहीत. संशोधकांनी पुढे वर्षानुवर्षे खपून, नटांच्या ओठांची हालचाल वाचणाऱ्यांचीही मदत घेऊन, त्यांतून कथानक जुळविले, आणि २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये, चित्रणानंतर एकशे एक वर्षांनी, ते लोकांस दाखविले. 'लाइम किल्न क्लब फील्ड डे' या नावाने ते आता ओळखले जाते. बायोग्राफमधून १९१३ मध्येच बाहेर पडलेल्या ग्रिफिथने दोन वर्षांनी 'द बर्थ ऑफ अ नेशन' काढला, त्यात काजळी फासलेल्या गोऱ्या नटांकडून काळ्या माणसांना राक्षस करविले. तो चित्रपट जगभर फिरला. हा मात्र पेटीत पडून राहिला.

यात नटसंच बहुतेक सगळा कृष्णवर्णीय आहे. थोर जुना मिन्स्ट्रल सॅम लुकस आहे, विल मेरियन कुकच्या नाटकांत गाजलेली ॲबी मिचेल आहे, ओडेसा वॉरन ग्रे ही देखणी नायिका आहे. यांपैकी बहुतेकांच्या तोंडाला काजळी नाही. ठाकठीक पोशाखातली, सहलीस निघालेली, हसरी नागर माणसे. केकवॉकची लांबच लांब रांग. फिरत्या घोड्यांच्या चक्रावर बसलेली जोडपी. या सगळ्यांत एकटा विल्यम्स काजळी लावलेला आहे. रिळे न कापलेली असल्यामुळे एकच दृश्य पुनःपुन्हा घेतलेले दिसते, आणि दोन चित्रणांच्या मधला वेळही दिसतो. तेव्हा तो सरळ उभा राहतो, खांदे मागे घेतो, कोणाशी तरी बोलून हसतो. आणि खूण होताच पुन्हा पाय फरफटत, मान खाली घालून चालू लागतो. शेवटी संध्याकाळी तो नायिकेला तिच्या दारापर्यंत पोहोचवावयास येतो. तेथे विनोद नाही, धडपडणे नाही. ती त्याच्याकडे पाहते, तो किंचित वाकतो, आणि तिचे चुंबन घेतो.